बोंब कुठून आली

ज्यांना सॉफ्टवेअर म्हटलं की काचेची इमारत, गळ्यातला पट्टा आणि फुकटची कॉफी आठवते, त्यांनी आमचं ऑफिस पाहिलेलं नाही. नव्वदच्या दशकात कोल्हापुरात, राजारामपुरीत एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत आम्ही सॉफ्टवेअर लिहायचो. खालून दात कोरायच्या मशीनचा आवाज यायचा, समोरच्या क्लासमधून शंभरेक पोरं एका सुरात रसायनशास्त्र ओरडायची, आणि या दोन्हींच्या मध्ये बसून आम्ही शांत डोक्यानं विचार करतो अशी आमच्या गिऱ्हाइकांची समजूत होती. ती आम्ही मोडली नाही.

आम्ही दूध गार ठेवणाऱ्या टाक्यांचे कंट्रोलर बनवायचो. गावातलं दूध संकलन केंद्रावर येतं, टाकीत ओततात, टँकर येईपर्यंत ते गार ठेवायचं आणि मधूनमधून ढवळायचं. हे सगळं एक बोटभर चिप बघायची, आणि त्या चिपनं काय काय करायचं ते आम्ही लिहायचो. आम्ही म्हणजे तिघंच: मालक, मालकांचा भाचा आणि मी. मालकांना सगळे मालकच म्हणायचे, त्यांची बायकोसुद्धा. भाच्याला मी दादा म्हणायचे. माझं काय ते ठरायचं होतं, कारण मी एक वर्षाच्या बोलीवर शिकाऊ होते. वर्ष संपलं की एकतर कायम करायचं, नाहीतर नारळ द्यायचा.

माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. त्यांना धीर नव्हता. मला नोकरी लागली त्याच आठवड्यात त्यांनी सगळ्या गल्लीला सांगून टाकलं की पोरगी इंजिनिअर झाली आणि कायमपण झाली. त्यामुळं मला नारळ मिळाला तर तो आम्हा दोघांनाही मिळणार होता.

आता डिबगरचं सांगते, कारण सगळं भांडण त्याच्यावरूनच आहे. डिबगर म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमच्या चुका दाखवणारा प्रोग्रॅम. प्रत्येक वर्गात अशी एक मुलगी असते. परदेशी डिबगर आमच्या आवाक्याबाहेरचा होता, म्हणून मालकांनी स्वतः बसून एक लिहिला. पुस्तकं मिळत नव्हती, विचारायला कुणी नव्हतं, तरी लिहिला आणि चालवून दाखवला. याबद्दल मी त्यांना आजही मानते. हे इथंच सांगून टाकते, पुढं जमेल असं वाटत नाही.

त्याची पद्धत साधी होती. कुठल्याही रुटीनला, म्हणजे प्रोग्रॅमच्या एकेका तुकड्याला, काही वावगं दिसलं की त्यानं बोंब मारायची. बोंब हा आमच्या ऑफिसातला अधिकृत शब्द होता. बोंब झाली की टाकी थांबायची, डिबगर पुढं यायचा आणि बोंब कुठल्या रुटीनमधून आली त्याचं नाव कंट्रोलरच्या छोट्या पडद्यावर लिहायचा. प्रत्येक रुटीन कुणी लिहिलंय ते सगळ्यांना माहीत असायचं. त्यामुळं पडद्यावर रुटीनचं नाव आलं की माणसाचं नाव वेगळं विचारावं लागत नसे.

डिबगरला हे कळायचं प्रोग्रॅम काउंटरवरून. चिप कुठल्या ओळीवर आहे हे दाखवणारं ते तिचं बोट. शाळेत धडा वाचताना आपण ओळीखाली बोट ठेवायचो, तसंच. फक्त चिपची एक खोड आहे. एक ओळ वाचायला घेतली की ती लगेच बोट पुढच्या ओळीवर सरकवून ठेवते. बोंब मारताना तेच बोट टिपून ठेवते, म्हणजे परत कुठून सुरू करायचं ते विसरायला नको. तेव्हा हे टिपलेलं बोट बोंब मारणाऱ्या ओळीवर नसतं, तिच्या पुढच्या ओळीवर असतं. डिबगर लिहिणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं आणि प्रत्येकजण ते एकदा तरी विसरतो. दोन हजार सालानंतर मला बड्याबड्यांचे डिबगर वाचायची वेळ आली, तिथंही विसरलेले भेटले. म्हणून शहाणी माणसं नावं नीट देतात: ही बोंबेची ओळ, ही परतायची ओळ. आमच्याकडं दोन्हींचं नाव होतं 'जागा'.

खरं तर जागा, जागा१, जागा२, नवीजागा आणि खरीजागा अशी पाच भावंडं होती. मालकांचा नियम होता की नावं मराठीतच द्यायची, म्हणजे कोड चोरीला गेला तरी पुण्याच्या माणसाला कळणार नाही. ही योजना इतकी यशस्वी झाली होती की तो कोल्हापुरातही कुणाला कळत नव्हता. तात्पुरत्या व्हेरिएबलचं, म्हणजे आकडा घडीभर ठेवायच्या डब्याचं, नाव 'पावणा', कारण तो येतो आणि जातो. एका ठिकाणी पावणा आला होता आणि गेलाच नव्हता. मला सगळ्यात आवडायची ती खरीजागा. बाकीच्या चार खोट्या आहेत हे तिच्यावरून तरी कळायचं.

पहिल्याच महिन्यात मी विचारलं होतं, "मालक, ही 'जागा' म्हणजे नक्की कुठली?"

"जागा म्हंजे जागा. चाललंय न्हवं? मग?"

"नाव बदललं तर वाचायला सोपं जाईल."

"हात लावायचा न्हाय त्याला. जोतिबाला जाऊन आल्याला हाय त्यो."

हे ते अगदी सरळ अर्थानं सांगत होते. डिबगर पहिल्यांदा चालला तेव्हा मालक त्याची फ्लॉपी घेऊन जोतिबाच्या डोंगरावर गेले, ती देवापुढं ठेवली आणि वर गुलाल-खोबरं उधळलं. गुलाल फ्लॉपीच्या आत गेला आणि ती पुन्हा कधी वाचता आली नाही. दादानं आधी कॉपी काढून ठेवली होती म्हणून कंपनी वाचली. मालकांच्या लेखी मात्र पुण्य कॉपीतही उतरलं होतं. तेव्हापासून रिवाज पडला की डिबगरच्या जुन्या ओळीला हात लावायचा नाही, काही नवं हवं असेल तर खाली नवी ओळ घालायची. पाच जागा अशाच जन्माला आल्या होत्या.

तर मलकापूरच्या एका केंद्रावर आमची टाकी बसली. तिच्या प्रोग्रॅममध्ये गारवा नावाचं रुटीन दादाचं होतं आणि त्याला लागूनच माझं, ढवळणी. भिंतीला भिंत. मलकापूरची वीज सारखी जायची आणि यायची, आणि ती आली की कधीकधी टाकी थांबायची. पडद्यावर यायचं: बोंब, ढवळणी. दूध नासायचं, केंद्राच्या व्यवस्थापकांचा फोन यायचा, आणि मालक माझ्यासमोरच त्यांना सांगायचे, "व्हय, व्हय. आमची एक नवी पोरगी हाय, तिचं चुकलंय. शिकाऊ हाय की. बघतो आता तिचं काय करायचं त्ये."

मी माझं रुटीन पुन्हा पुन्हा तपासलं. ढवळायचा पंखा फिरव, थांब, परत फिरव. एवढंच. त्यात बोंब मारायची ओळच नव्हती. मी तसं मालकांना सांगितलं.

"मग मशीनला काय तुझ्यासंगं वैर हाय?" ते म्हणाले.

एकदा मला एसटीनं मलकापूरला पाठवलं. मी पोचले त्या दिवशी वीज गुणी बाळासारखी राहिली आणि टाकी अजिबात थांबली नाही. केंद्रावरच्या कामगारानं मला नखशिखांत बघून विचारलं, "पावणं, त्या ढवळणीवाल्या बाई तुमीच व्हय?" दुधाच्या किटल्या घेऊन रांगेत उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. त्यांचं दूध नासलं होतं. त्यांचा राग रास्त होता, पत्ता तेवढा चुकला होता. परतीच्या गाडीत खिडकीकडं तोंड करून मी रडले, आणि कोल्हापुरात उतरताना तोंड पुसून उतरले.

दादा माणूस वाईट नव्हता. तो मला समजवायचा. "ताई, मान्य करून टाक. एकदा चूक मान्य केली की मामा इसरतोय बघ."

"चूक कुठली ते सांग, करते मान्य."

"ती मशीनलाच ठावं," तो अगदी प्रामाणिकपणे म्हणायचा.

ढवळणीच्या जागी गारव्याचं नाव आलं असतं तर आधी वायरिंग बघितलं असतं, मग वीज, मग चिप. माझं नाव आलं तेव्हा काहीच बघायची गरज पडली नाही. आमच्या आजोबांच्या गावात पाणी गढूळ झालं की कुणाच्या घराकडं बोट करायचं हे असंच, पाण्याकडं न बघता ठरलेलं असायचं. मालकांनी मला कधी जात विचारली नाही. आडनाव विचारलं, गाव विचारलं, जोतिबाला कधी जाता ते विचारलं. छप्पन सालानंतर आमच्या घरात देव नाहीत असं मी सांगितल्यावर "असू दे, असू दे" म्हणाले, जणू मी माफी मागितली होती.

माझं वर्ष संपत आलं तेव्हा त्यांनी एकदाचं सांगितलं, "आणिक एकदा तुझी बोंब आली की माझा नाइलाज हाय बघ." त्या दिवशी मी घरी जेवले नाही. वडिलांना सांगितलं पोट बिघडलंय. पोट ठणठणीत होतं, डोकं बिघडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात येऊन मी ढवळणी काढून टाकली. दुरुस्त केली नाही, काढूनच टाकली. तिच्या सगळ्या ओळी पुसल्या आणि तेवढी मेमरी रिकामी ठेवली. घर खाली केलं, दारावरची पाटी राहू दिली.

आमच्याकडं चाचणीची टाकी होती, म्हणजे टेबलावर पाण्याची बादली आणि तीत बुडवलेला तापमानाचा सेन्सर. मी मालकांना आणि दादाला बोलावलं आणि त्यांच्यादेखत कंट्रोलरचा प्लग काढला, घातला, काढला, घातला. मलकापूरची वीज हुबेहूब. थोड्या वेळानं बोंब झाली. पडद्यावर नाव आलं: ढवळणी.

"आता ढवळणीत एक ओळ नाही," मी म्हटलं. "सगळी काढलीय मी. तरी तिचंच नाव येतंय."

मालक पडद्याजवळ वाकले. नाव नीट वाचलं. मान हलवली.

"बघ," ते म्हणाले, "काढलं तरी जाईना. किती खोल चुकलीयास बघ."

मी हसले. खरंच हसले, कारण रडले असते तर त्यांनी चहा मागवला असता आणि विषय तिथंच मिटला असता. दादा मात्र हसला नाही. तो कधी बादलीकडं, कधी पडद्याकडं बघत राहिला आणि वर्षभरात पहिल्यांदा म्हणाला, "मामा, तिच्यात काय न्हाय. रिकामं हाय की त्ये."

तेवढी फट मला पुरली. मी म्हटलं, "मालक, मला डिबगरमधली नावं बदलू द्या. बाकी काही बदलत नाही. फक्त नावं."

"सांगितलंय न्हवं तुला? द्येवाला जाऊन आल्याला हाय त्यो. कोपला म्हंजे?"

"आमच्या घरी देवच नाहीत. माझ्यावर कोपणार कोण?"

मालक विचारात पडले. ते भाविक होते आणि व्यवहारीही होते, आणि दोन्हींचा मेळ बसेपर्यंत त्यांचा चहा गार झाला. शेवटी म्हणाले, "ह्ये मातर बराबर हाय. मग तूच कर. तुला काय व्हायचं न्हाय." आणि भाच्याकडं वळून, "तू रं, कीबोर्डला हात लावू नगंस."

ज्या गोष्टीमुळं वर्षभर मी त्या खोल्यांत जराशी बाजूला होते, ती त्या दुपारी माझा परवाना झाली. मालकांना यात काही विचित्र वाटलं नाही.

मी एकेक जागा घेऊन ती कोण आहे ते शोधत गेले. जिथं चिपनं टिपलेलं बोट जसंच्या तसं ठेवलं होतं, तिथं नाव दिलं 'परतायचीओळ'. जिथं मालकांनी एक ओळ मागं येऊन हिशेब केला होता, तिथं 'बोंबेचीओळ'. मालकांना सगळं ठाऊक होतं हे त्यातच कळलं. दोन ठिकाणी त्यांनी बरोबर मागं घेतलं होतं. तिसऱ्या ठिकाणी नुसतं 'जागा' बघून मागं घेतलेलीच असेल असं धरून चालले होते. संध्याकाळपर्यंत पाच भावंडांतली दोनच उरली. पावण्याला मी हात लावला नाही, तो आता घरचाच झाला होता.

मग दादाला म्हटलं, "हे वाच."

तो मोठ्यानं वाचायला लागला. "पडद्यावर लिही, बोंब इथनं आली, आणि मग परतायची ओळ..." तो थांबला. "परतायची कशी? हितं बोंबेची पायजे की." परत वाचलं. "परतायची म्हंजे पुढची. ढवळणीची पयली ओळ जर पुढची असंल, तर बोंब मारली तिच्या आदल्या ओळीनं. आन ढवळणीच्या आदी..."

ढवळणीच्या आधी गारवा होता. गारव्याची अगदी शेवटची ओळ बोंबेची होती, दादानंच लिहिलेली: सेन्सरचा आकडा वेडावाकडा दिसला तर ओरड. वीज आल्या आल्या सेन्सरला शुद्धीवर यायला जरा वेळ लागायचा आणि गारवा तेवढ्यातच त्याला आकडा विचारून मोकळा व्हायचा. बोंब मारायची गारव्याची शेवटची ओळ आणि बोट पडायचं शेजारच्या उंबऱ्यावर, माझ्या. दादाचा चेहरा उतरला. त्या क्षणी मला त्याच्याबद्दल वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय याचा रागही आला.

मी त्या एका ओळीत परतायचीओळ काढून बोंबेचीओळ घातली आणि पुन्हा प्लगचा खेळ केला. पडद्यावर नाव आलं: गारवा.

मालकांनी ते वाचलं आणि भाच्याच्या पाठीवर थाप मारली. "चुकतंय की माणूस. त्यात काय? वीज आल्यावर जरा थांबून आकडा घे म्हनावं त्याला."

एवढंच. भाच्याचा खटला उभा राहिला, चालला आणि निकाली निघाला. खाली एक दात काढायलासुद्धा याहून जास्त वेळ लागायचा. कुणी नाइलाज म्हणालं नाही. किती खोल चुकलायस असंही कुणी म्हणालं नाही. मालकांनी पेन खिशाला लावलं आणि माझ्याकडं वळून हसले.

"आन तू झालीस कायम. सोमवारी पत्र टाइप करून घे. पेढे आण जा."

हा शब्द ऐकायला मी वर्षभर थांबले होते. आनंद झाला, खोटं कशाला सांगू? वडील आता गल्लीत खरे ठरणार होते. पण त्या आनंदाच्या डोक्यावर राग बसला होता आणि तो उठायला तयार नव्हता.

"पेढे आणते," मी म्हटलं. "आधी मलकापूरला फोन करा."

"कशापायी?"

"माझी चूक म्हणून तिथं सांगितलंय तुम्ही. ती माझी नव्हती म्हणून सांगा."

"अगं, टाकी चालल्याशी मतलब. कुणाची चूक हुती ह्याच्याशी त्यांना काय करायचंय?"

"त्यांना नसेल. मला आहे."

मालकांनी भाच्याकडं पाहिलं. दादानं टेलिफोन उचलला आणि त्यांच्यापुढं आणून ठेवला. त्याच्याबद्दल मी आजवर जे काही बरं बोलते ते या एका गोष्टीमुळं.

फोन लागला. लाइन खरखरत होती. मालक आधी पाऊसपाण्याचं बोलले, मग दुधाच्या फॅटचं, मग व्यवस्थापकांच्या मुलीच्या लग्नाचं. मी समोर उभीच. शेवटी म्हणाले, "त्ये टाकीचं सापडलं बरं का. डिबगरमधी गोंधळ हुता." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मालकांनी माझ्याकडं पाठ केली, रिसीव्हर तोंडाशी धरला आणि हळूच म्हणाले, "न्हवती."

पलीकडं ऐकू गेलं नाही.

"न्हवती," ते परत म्हणाले, आधीइतकंच हळू.

मलकापूरचा आवाज आम्हा तिघांनाही ऐकू आला. "काय म्हनलासा? त्या पोरीचीच हुती न्हवं?"

"न्हवती म्हनतोय की!" मालक ओरडले. "तिची चूक न्हवती! त्या पोरीची न्हवती, आमच्या घरातलीच हुती!"

त्यांनी रिसीव्हर आपटला आणि कुणाकडंही न बघता खिडकीशी जाऊन उभे राहिले. मला हवं होतं ते वाक्य मिळालं होतं, साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. आणि त्याच वाक्यात मी त्या घराच्या बाहेर उभी आहे हेही त्यांनी सांगून टाकलं होतं, त्यांच्या ध्यानीमनी नसताना. मी पर्स घेतली, जिना उतरले आणि पेढे आणायला गेले.